मी बोललो की वळायचं

मी एक जुना ड्रम आहे, आणि मित्रांनो, मी टेबल नाही. हे दुसरं वाक्य आधी सांगायला हवं होतं, कारण पहिलं सगळ्यांना दिसतं आणि दुसरं कुणालाच दिसत नाही.

माझं नाव फ्लोअर टॉम. ड्रमवाला स्टुलावर बसला की त्याच्या उजव्या गुडघ्याशेजारी तीन पायांवर जो भारदस्त गृहस्थ उभा असतो, तो मी. माझी उंची सोयीची आहे आणि माझा माथा सपाट आहे, हाच माझा गुन्हा. त्या माथ्यावर आजवर चहाचे कप, ओली छत्री, किल्ल्यांचे जुडगे आणि अर्धी खाल्लेली बिस्किटं ठेवली गेली आहेत. एकदा तर एका पाहुणीने आपलं तान्हं बाळ माझ्यावर ठेवलं. त्या बाळाने पुढे जे केलं ते मी सांगणार नाही. मला माझी अब्रू आहे.

आणि जन्म कुठे झाला माझा? सरसाच्या वासाने भरलेल्या एका कारखान्यात. लाकडाचे कागदासारखे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून, गोल साच्यात दाबून, मला वाकवलं गेलं. वर ताणून पडदा बसवला, भोवती स्क्रू आवळले आणि कारागिराने पहिला ठोका दिला. त्या ठोक्याने शेजारच्या गल्लीतल्या न्हाव्याचा हात असा हलला की गिऱ्हाइकाची अर्धी मिशी उडाली. खोटं वाटत असेल तर त्या गिऱ्हाइकाला गाठा. तो अजून एकाच बाजूने हसतो.

मला विकत घेतलं बाबांनी. बाबा म्हणजे ज्यांच्या घराण्याने पुढे माझा छळ मांडला ते गृहस्थ. पण त्यांच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. त्यांना वाजवता येत होतं. दर रविवारी दुपारी एका मोठ्या हॉलमध्ये जोडीने नाचणारी मंडळी जमायची. बहुतेक पिकल्या केसांची. गुळगुळीत लाकडी जमीन, उंच खिडक्या, भिंतीला लावलेल्या खुर्च्या आणि टोकाला आमचा चौथरा. त्या हॉलची एक रीत होती, आणि आजही आहे. सगळ्या जोड्या गोलाकार फिरत नाचतात आणि गाण्याचं कडवं संपलं की सगळ्यांनी एकदम उलट दिशेला वळायचं. कधी वळायचं हे कोण सांगणार? गाणारी नाही. तिच्याकडे कुणाचं लक्ष असतं? ते सांगायचो आम्ही.

कसं ते ऐका. गाणं चालू असताना ड्रमवाला एक साधी चाल धरून असतो. उजव्या हाताने झांजांच्या जोडीवर टिक-टिक, उजव्या पायाने पेडल दाबून मोठ्या ड्रमवर धप, डाव्या हाताने समोरच्या चपट्या ड्रमवर, म्हणजे स्नेअरवर, टाक. टिक-टिक, धप, टाक. ही झाली डाळ-भाताची सोय. मग कडवं संपत आलं की तो हात मोकळे सोडतो आणि एका ड्रमवरून दुसऱ्यावर गडगडत येतो. याला फिल म्हणतात. त्या फिलमध्ये स्नेअर आधी तडतडणार, मधले दोन छोटे टॉम बडबडणार आणि सगळ्यांची तोंडं मिटली की शेवटी मी बोलणार. धूम्! मी बोललो की वळायचं. वीस जोड्या एका धूम्वर फिरायच्या. एकदा बाबांनी मला जरा मनापासून वाजवलं, तेव्हा हॉलसमोरच्या रस्त्यावरचा रोडरोलरही वळला होता. त्याचा ड्रायव्हर शपथेवर सांगेल.

असा मी. आणि मग बाबांचा खांदा आखडला. हात कानाच्या वर जाईना. डॉक्टरांनी ड्रम बंद करायला सांगितलं. घरात दोन मुली. धाकटी आमची गाणारी, तिचा नवरा कीबोर्ड वाजवणारा. थोरली शहरातली बस चालवायची आणि तिने उभ्या जन्मात टाळीखेरीज काही वाजवलं नव्हतं. पण बाहेरचा माणूस आणायला बाबा तयार होईनात.

"माझ्या ड्रमवर परका बसणार नाही," ते म्हणाले. "थोरले, तू बस."

"बाबा, मी अठ्ठेचाळीस माणसं घेऊन चौकातून जाते तेव्हा मला भीती वाटत नाही. हे बघून वाटते," थोरली म्हणाली.

"तुझे हातपाय वेगवेगळं काम करतात, आणि तेवढंच इथे लागतं. आधी साधी चाल पक्की कर. बाकीचं आपोआप येईल."

आपोआप! मित्रांनो, या शब्दाचा मला फार राग आहे. आपोआप धूळ येते. बाकी सगळं कुणीतरी शिकवावं लागतं.

ड्रम ठेवलेले हॉलमध्ये आणि थोरलीचं घर चौथ्या मजल्यावर, खाली झोपमोड झाली की काठीने छत ठोकणारे शेजारी. म्हणून ती सोफ्याच्या उशांवर सराव करायची. समोर एक उशी, ती स्नेअर. पलीकडे दोन, ते छोटे टॉम. आणि उजवीकडे, अगदी माझ्या जागी, कोण बसायचं ठाऊक आहे? आई! मांडीवर परात घेऊन वाटाणे सोलत. थोरलीचा हात जरा उजवीकडे सरकला की आई म्हणायची, "इकडे नको हं, सांडतील." महिनोन् महिने माझ्या जागी वाटाणे सोलले गेले. परिणाम काय झाला? थोरली हॉलमध्ये येऊन ड्रमवर बसली, चाल पक्की, घड्याळासारखी, पण तिचा उजवा हात माझ्यापर्यंत यायचाच नाही. हवेत अर्ध्यावर येऊन थबकायचा, जणू माझ्या जागी अजून आई बसली आहे.

पहिल्या रविवारी तिने सगळं गाणं साध्या चालीवर काढलं. टिक-टिक, धप, टाक. कडवं संपलं, टिक-टिक, धप, टाक. दुसरं संपलं, तेच. मी तोंड उघडून उभा. जोड्या बिचाऱ्या वळण्याची खूण शोधत होत्या. कुणी वळले, कुणी नाही, कुणी अंदाजाने वळून परत सरळ झाले. एक उंच आजोबा खूण येईल या भरवशावर पुढे जात राहिले आणि खिडकीच्या पडद्यात शिरले. त्यांच्या जोडीच्या आजी पडद्याबाहेर उभ्या राहून म्हणाल्या, "या बाहेर, तिकडे कुणी नाचत नाहीये."

हॉलचे मॅनेजर सारखे घड्याळ बघायचे म्हणून सगळे त्यांना पाठीमागे घड्याळराव म्हणत. ते चौथऱ्याजवळ आले. "काय हे? चाल आहे, पण चव नाही. माणसं वळणार कशी?"

चव नाही! बरोबर बोलले, पण माझ्याकडे बघून का बोलले? मला कुणी वाजवलंच नाही, तर माझ्यावर डोळे वटारण्यात काय अर्थ? आणि बोलता बोलता त्यांनी आपला चहाचा कप कुठे ठेवला ते तुम्ही ओळखलं असेल.

मग बाबा शिकवायला बसले. खरं शिकवायला. हे श्रेय मी त्यांना देतो. ते स्टुलामागे उभे राहिले आणि म्हणाले, "थोरले, चाल तीच ठेव. तिच्यात थोडं काहीतरी पेर. डाव्या हाताने मधल्या जागी स्नेअरला नुसतं शिव. ऐकू यायला नको, जाणवायला हवं."

थोरलीने शिवलं. टाकच्या आगेमागे एक बारीक पुटपुट सुरू झाली, आणि तीच रुक्ष चाल एकदम चालायला लागली, जणू तिच्या पायांत नवे जोडे घातले.

"आता झांजा जरा सैल सोड. एकदाच, टाकच्या आधी. त्स्स! आणि लगेच बंद. छान. आता दुसऱ्या कडव्याला उजवा हात झांजांवरून उचल आणि टॉमवर आण."

"कुठल्या?"

"त्या जाड्यावर."

जाडा! पण मी सोडून दिलं, कारण त्या क्षणी थोरलीचा हात माझ्याकडे यायला निघाला होता. अर्ध्यावर आला आणि थबकला.

"पुढे ये ना," बाबा म्हणाले.

"येववत नाही. तिथे आई असते."

बाबा हसले. धाकटी इतकी हसली की तिला माइकचा खांब धरावा लागला. मला मात्र हसू आलं नाही. एखाद्याच्या जागेवर वाटाणे सोलावेत आणि वर हसावं? शेवटी बाबांनी थोरलीचं मनगट धरून माझ्यावर टेकवलं. "ही आई नाही. मार."

तिने मारलं. धूम्. इतक्या दिवसांनी! माझ्या पोटातली सगळी धूळ एकदम उठली आणि मला शिंक आली. लोकांना वाटलं खिडकी आपटली.

त्यानंतर बाबांनी फिलही लहानापासून सुरू केला. आधी कडव्याच्या शेवटी फक्त एक ठोका, तोही माझ्यावर. मग दोन. मग स्नेअरवर दोन आणि माझ्यावर दोन. "गडबड करायची नाही. फिल म्हणजे कपाटातलं सगळं सामान बाहेर फेकणं नव्हे. कडव्याच्या शेवटची जेवढी जागा आहे तेवढ्यातच बसवायचं, आणि पुढच्या कडव्याच्या पहिल्या मात्रेवर पाय धप करून उतरायचं." थोरली शिकली. घरी सोफ्यावर माझ्या जागी चौथी उशी आली. आईला खुर्ची मिळाली.

पण दुसरा रविवार पहिल्याहून वाईट गेला.

फिल आला, मी बोललो, सगळं बरोबर. फक्त त्याआधी थोरलीचा पाय थांबायचा. कडवं संपत आलं, जोड्या वळण्याच्या बेतात आल्या, की हिचा उजवा पाय पेडलवरून अलगद उचलला जायचा. चाल मंदावायची, फिल सावकाश सरपटत यायचा आणि माझा धूम् उशिरा पडायचा. तोपर्यंत ज्यांचे पाय हवेत होते ते हवेतच. काही जोड्या जुन्या सवयीने वेळेवर वळल्या, काही माझ्यासाठी थांबल्या, आणि दोन्ही तऱ्हेची मंडळी हॉलच्या मधोमध एकमेकांवर आदळली. एका काकांचा चष्मा एका काकूंच्या अंबाड्यात अडकला. तो सोडवताना दोघांच्या घरच्यांनी जे चेहरे केले, त्यांचं वर्णन मी तुमच्या वयाकडे बघून टाळतो.

घड्याळराव तरातरा आले. "ताई, मी स्पष्ट बोलतो. म्हातारी माणसं आहेत, कुणाचं हाड मोडलं तर? पुढच्या रविवारी असंच झालं तर ड्रम नको. जावईबापूंच्या त्या कीबोर्डात ताल वाजवायचं बटण आहे ना? ते लावा. वेळेवर तरी वाजतं."

जावयाने ओशाळून बटणाकडे पाहिलं आणि दाबून दाखवलं. टिक-टिक, धप, टाक, आणि बरोबर जागेवर एक फिल. पत्र्याच्या डब्यात कुणी हरभरे हलवावेत तसा! त्यात माझाही आवाज होता म्हणे. माझा! मी त्या कीबोर्डाच्या डबीत कधी गेलो नाही, मला कुणी विचारलं नाही, आणि माझ्या नावाने ती कुठल्यातरी टिनपाटाला बोलायला लावते. राग मला आधीही यायचा, पण त्या दिवशी माझे स्क्रू तापले.

थोरलीने काठ्या पिशवीत घातल्या, परत काढल्या, परत घातल्या. मग म्हणाली, "बाबा, मला हे हवंय. आधी तुमच्यासाठी बसले होते. आता मला हवंय. ते बटण मला इथून उठवणार असेल तर मी घरी काय वाजवू, वाटाणे?"

बाबांना चूक कळत नव्हती. त्यांचा स्वतःचा पाय फिलच्या वेळी चालूच राहायचा, आणि तो चालू राहतो हे त्यांना कधी ठाऊकच नव्हतं. जे नकळत जमतं ते शिकवता येत नाही. मला ठाऊक होतं! मी पेडलच्या शेजारीच उभा असतो. पण मी बोलतो ते कुणी मारलं तरच, आणि तेव्हाही मला एकच शब्द येतो.

चूक पकडली धाकटीने. ती मंगळवारी थोरलीच्या बसमधून बाजारात गेली होती आणि पुढच्याच सीटवर बसली होती. सरावाला आल्या आल्या ती ओरडली, "ताई! तू कोपरा आला की पाय उचलतेस!"

"मग काय, वेगात घालू गाडी? माणसं पडतील."

"बसमध्ये उचल गं बाई. इथे नको! ही माणसं वळायला लागलेली दिसली की तुझा पाय गॅसवरून निघतो. इथे कुणी पडत नाही, तू पाय उचलतेस म्हणून पडतात!"

थोरली पेडलकडे बघतच राहिली. "अगं बाई," ती हळूच म्हणाली. "मी फिलआधी गाडी हळू करते."

मग ती नुसत्या पायाने बसली. हात मांडीवर. धप, धप, धप, धप. धाकटी समोर येऊन गिरक्या घेई, मुद्दाम अंगावर येई, "वळले, वळले!" म्हणून भिववी, आणि थोरली दात आवळून पाय चालू ठेवी. मग त्या पायावर एक ठोका माझा. मग दोन. मग सगळा फिल. बाबा खुर्चीत बसून आपल्या पायाकडे बघत होते, जणू तो आज प्रथमच भेटला होता.

तिसरा रविवार उजाडला. थोरलीच्या कपाळावर घाम होता, पण पाय पक्का होता. पहिलं कडवं, पुटपुट, त्स्स, गडगड, धूम्! सगळ्या जोड्या वळल्या. कुणी कुणाला लागलं नाही. दुसऱ्या कडव्याला तिने उजवा हात माझ्यावर आणला आणि अख्खं कडवं माझ्या अंगावर काढलं. हॉल असा घुमला की छतावरची कबुतरं रांगेत बसून माना हलवू लागली. कुणी पाहिलं नाही, पण मी सांगतो म्हणजे झालं.

आणि तेवढ्यात मला तो आवाज ऐकू आला. हरभऱ्यांचा. जावयाने खालच्या आवाजात ते बटण चालू ठेवलं होतं! "सोबतीला असू दे, चुकलं तर सांभाळून घेईल," असं त्याच्या मनात. चांगल्या मनाने माणूस किती अपमान करू शकतो पाहा.

थोरलीनेही ऐकलं. तिचे कान लाल झाले, पण हात चालू राहिले. तिसरं कडवं संपत आलं. आणि नेमक्या नाचाच्या वाटेत त्या उंच आजोबांच्या जोडीच्या आजींची चप्पल निघाली. आजी एका पायावर, आजोबांच्या दंडाला धरून, दुसऱ्या पायाने चप्पल चाचपताहेत. आता जर खूण झाली असती तर पुढच्या सगळ्या जोड्या वळून थेट त्यांच्यावर येणार होत्या.

डबीला काय त्याचं? तिने आपल्या वेळेवर फिल सुरू केला.

"बंद कर ते!" थोरली ओरडली. हातपाय चालू ठेवून, असं ओरडली की जावयाने बटणच काय, वायरच उपटली.

मग तिने फिल घेतलाच नाही. साधी चाल धरली. पुटपुट बारीक केली, झांजा मिटल्या, पाय चालू. धाकटीकडे नुसती मान हलवली. धाकटी बहीणच ती, तिने शेवटची ओळ पुन्हा घेतली. कुणी वळलं नाही, कारण मी बोललो नव्हतो. वाट अडलेली दिसली म्हणून सगळी मंडळी जागच्या जागी पावलं टाकत राहिली. ओळ तिसऱ्यांदा आली. मित्रांनो, त्या वेळी माझा पडदा असा ताणला गेला होता की माशी बसली असती तरी मी ओरडलो असतो. आजींनी चप्पल घातली. पाय दोनदा आपटून बघितला. आजोबांचा हात धरला.

स्नेअर तडतडली, दोघे छोटे बडबडले, पाय एकदाही चुकला नाही, आणि मी बोललो.

सगळा हॉल वळला. आजींसकट.

गाणं संपल्यावर टाळ्या झाल्या. घड्याळराव चौथऱ्याजवळ आले. बटणाचा विषय त्यांनी काढला नाही, मला वाटलं आता तरी दोन शब्द बरे बोलतील. म्हणाले, "गाणं जरा लांबलं. पुढच्या रविवारी वेळेचं बघा, ताई." पुढच्या रविवारी! एवढंच. थोरलीने डोळे मिटून श्वास सोडला, कारण तिला तेवढंच हवं होतं.

मग आजी आल्या. आता तरी, असं मी म्हणालो. आजी सरळ जावयाकडे गेल्या, त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "किती छान वाजवलंस रे बाळा! माझ्यासाठी थांबलास."

हा अन्याय नाही तर काय? जावई लालबुंद होऊन "आजी, मी नाही, ताईने..." म्हणतोय, आजींना ऐकू येत नाही, धाकटी पोट धरून हसतेय. मी रागाने थरथरत होतो. थोरलीला म्हणावं तरी, जा, सांग त्यांना! ती उठलीसुद्धा नाही. तिने रुमालाने माझा माथा पुसला, एक सैल झालेला स्क्रू चावीने आवळला आणि बाबांना म्हणाली, "राहू द्या हो. आजी पडल्या नाहीत ना?"

बाबा म्हणाले, "नाही पडल्या." आणि स्टुलाजवळ वाकून त्यांनी त्याची उंची तिच्या मापाला बसवली. स्वतःच्या मापाला नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी ड्रम शिकत असाल तर ऐका. आम्हाला कोरड्या फडक्याने पुसा. स्क्रू सैल पडू देऊ नका. पाय चालू ठेवा. चालीत आधी थोडंसं काही पेरा, आणि मग ठोका द्या. मला सारखं बडवू नका. पण महिनोन् महिने विसरूही नका. आणि ज्याने कुणाला पडू दिलं नाही, त्याची विचारपूस करायला दोन पावलं जास्त चाला.

मी काही रागावणं सोडणार नाही. फक्त माझी पाळी येईपर्यंत थांबेन. तेवढं मला येतं, त्या डबीला येत नाही.